आधी जळलं, मग बुडालं

(दहावी, १९९४ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय ‘तंत्रज्ञान : काल, आज आणि उद्या’. उद्याचं मला काही कळत नाही. आजचं बोलायचे कंपनी मला हिंजवडीत पगार देते, ते इथे फुकट बोलणार नाही. राहिला काल. त्याबद्दल बोलते.

बाहेर व्हरांड्यात, वड्यांच्या टेबलाच्या पलीकडे, एक काळा कीबोर्ड आणि एक छोटा टीव्ही मांडून ठेवलाय. सकाळपासून त्याच्यापाशी दोन प्रकारची माणसं थांबताना मी पाहिली. आपली मुलं म्हणाली, “हा कीबोर्ड आहे, मग कॉम्प्युटर कुठाय?” आणि आपल्या वर्गातले काही जण काहीच म्हणाले नाहीत, फक्त रबरी शिक्का उमटवावा तसं बोट ‘पी’ वर ठेवून आले. ‘पी’ दाबलं की पडद्यावर अख्खा ‘प्रिंट’ शब्द उमटायचा, ‘जे’ दाबलं की ‘लोड’. ज्यांना आठवलं, ते आपल्या संगणक मंडळातले.

ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी सांगते. हे यंत्र म्हणजे ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’. मूळ स्पेक्ट्रम इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्च कंपनीने १९८२ साली काढला, आणि जरा बरी बटणं लावलेला स्पेक्ट्रम प्लस १९८४ साली आला. तो परवाना घेऊन भारतात बनवणारी डेसिबेल्स ही कंपनी आपल्या पुण्यातली. म्हणजे साहेबाचं यंत्र, पण पुण्यात जोडलेलं. सरकारच्या ‘क्लास’ योजनेतून १९८४ पासून काही शाळांना बीबीसी मायक्रो संगणक मिळाले होते. आपल्या शाळेला ते मिळाले नाहीत. आपल्याला माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून हे दोन स्पेक्ट्रम मिळाले. सोबत एक कृष्णधवल टीव्ही आणि एक टेपरेकॉर्डर.

आत काय होतं? झेड८०ए नावाचा प्रोसेसर, वेग साडेतीन मेगाहर्ट्‌झ. मेमरी ४८ किलोबाइट. आज तुम्ही व्हॉट्‌सॲपवर जो ‘शुभ सकाळ’चा गुलाब पाठवता, तो एक गुलाब या यंत्रात मावणार नाही. प्रोग्रॅम कॅसेटवर असायचा. टेप लावायची, किर्र्‌र्र आवाज ऐकत चार-पाच मिनिटं थांबायचं, आणि शेवटच्या क्षणी पडद्यावर यायचं, ‘टेप लोडिंग एरर’. मग टेप उलटी फिरवून पुन्हा पहिल्यापासून. आपल्या पिढीला जो थोडाफार संयम आहे तो तिथून आला असावा. आपण आठवीत होतो ते १९९१-९२. त्याच १९९१ साली आपल्याच पुण्यात सी-डॅकने ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार केला. आपण पेपरातला त्याचा फोटो कापून प्रयोगशाळेच्या दारावर चिकटवला होता आणि आत चाळीस मुलं दोन स्पेक्ट्रमभोवती उभी असायची.

त्या दोनांपैकी एक यंत्र १९९२ च्या जानेवारीत बंद पडलं. तेच आज बाहेर ठेवलंय. ते का बंद पडलं आणि परत कसं सुरू झालं, एवढंच मला सांगायचंय.

मागच्या वर्षी मेळाव्याचं आमंत्रण द्यायला आम्ही तिघी सरांकडे गेलो. सरांचं घर अरण्येश्वरच्या बाजूला, तळमजल्यावर. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, ती रात्र पुण्यात कुणी विसरणार नाही. सरांच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. सर आणि काकू शेजाऱ्यांच्या गच्चीवर गेले म्हणून वाचले. कपाटं, पुस्तकं, गादी, सगळं गेलं. पलंगाखाली एक लोखंडी ट्रंक होती, ती चिखलाने भरली.

चहा झाल्यावर सरांनी ती ट्रंक ओढली आणि जुन्या टॉवेलात गुंडाळलेली एक वस्तू माझ्या हातात दिली. शाळेने जुनं सामान भंगारात काढलं तेव्हा सरांनी भंगाराचा भाव भरून ती घरी आणली होती. सर म्हणाले, “पुराच्या चिखलात सगळं टाकून दिलं. हे टाकवलं नाही. तू इंजिनिअर आहेस. बघ काही होतंय का.”

मी सॉफ्टवेअरवाली आहे, हे सरांना सांगायची हिंमत झाली नाही. कॉलेज सोडल्यापासून मी सोल्डरिंग आयर्न हातात धरलेलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला ते यंत्र घरी न्यायचंच नव्हतं. का, ते पुढे येईल.

घरी आणून स्क्रू काढले. वरचं झाकण उचललं तर वाळलेल्या चिखलाची पापडी निघाली, बोर्डाच्या आकाराची. खाली हिरवं. तांब्याच्या भांड्यावर चढतो ना, तो हिरवा कळंक. तांबं ओलाव्यात, हवेत आणि घाण पाण्यातल्या क्षारांत पडलं की त्याचे असे हिरवे क्षार होतात. देवघरातल्या ताम्हनावर तो चढला तर बिघडत नाही, ताम्हन जाड असतं. सर्किट बोर्डावरची तांब्याची रेघ साधारण ३५ मायक्रॉन जाड असते, म्हणजे केसाच्या जाडीच्या निम्मी. कळंक एवढ्या तांब्याला सहज खाऊन टाकतो. वरून रेघ अखंड दिसते, आत तांबं उरलेलंच नसतं.

माझ्या सासूबाई मागे उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, “पितांबरी लाव, नाहीतर चिंच.” आम्ही हसलो, पण त्यांचं अर्धं बरोबर होतं. चिंचेतलं आम्ल हिरवे-काळे क्षार विरघळवतं, म्हणून तर भांडी लखलखतात. बोर्डावरही सौम्य आम्ल चालतं, पण कापसाच्या काडीला जेमतेम ओलावा, फक्त डागापुरतं, आणि लगेच धुऊन काढायचं. ते मागे राहिलं तर उरलेलं तांबं तेच खातं. पावडरीने घासायचं तर मुळीच नाही, कारण ती घाणीबरोबर रेघही नेते.

तर क्रम असा. आधी सगळ्या बाजूंनी फोटो. मग कीबोर्डच्या दोन चपट्या पट्ट्या अलगद सोडवायच्या, त्या इतक्या वर्षांनी पापडासारख्या कडक होतात आणि मोडतात. एक मोडलीच. मग गाडीच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर आणि लहान मुलांचा मऊ टूथब्रश. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार पुन्हा तिथेच बसतात. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे चिपांच्या पोटाखालचं पाणी निघून येतं. मग दोन दिवस पंख्याखाली. या सगळ्याला माझे चार रविवार गेले. घरच्यांनी पहिल्या रविवारी कौतुक केलं, दुसऱ्या रविवारी स्वयंपाकघरातून टेबल परत मागितलं.

मग मल्टिमीटर. एका टोकाला एक सुई, दुसऱ्या टोकाला दुसरी, वीज जात असेल तर मीटर ‘पीप’ करतो. बोर्डावरच्या शेकडो रेघा अशा एकेक करून तपासल्या. नकाशा समोर ठेवायचा, पीप आली की पेन्सिलीने टिक. अकरा रेघा बोलल्या नाहीत.

तुटलेली रेघ जोडायची तर तिच्यावरून बारीक तांब्याची तार टाकून दोन्ही टोकं झाळायची. लहानपणी वाड्यात कल्हईवाला यायचा, आठवतंय? भांडं तापवून आधी नवसागर टाकायचा, पांढरा धूर यायचा आणि मगच कथील पसरायचं. तसाच इथे फ्लक्स. तांब्यावरचा मळ काढल्याशिवाय कथील धरत नाही. तापमान जास्त झालं तर रेघच बोर्डावरून उचलून येते, कमी झालं तर जोड कच्चा राहतो. पहिल्या दिवशी मी एक रेघ उचलली. अकराच्या बारा झाल्या.

आता तार हवी. मला हवी होती वार्निशचा लेप असलेली, पंख्याच्या मोटारीत गुंडाळतात तशी, ३६ गेजची. ती कुठे मिळेल हे मला माहीत होतं. नाना पेठेत आपल्याच वर्गातल्या एकाचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. त्याचं नाव मी घेणार नाही. तो इथे बसलाय आणि त्यानेच मला सांगितलंय, “नाव घेऊ नकोस, ज्यांना कळायचं त्यांना कळेल.”

मी गेले तेव्हा तो पाणी खेचायच्या पंपाचं वायंडिंग भरत होता. इतक्या वर्षांनी भेट, मग चहा आला, मुलांची चौकशी झाली. “तार कशाला गं?” त्याने विचारलं. मी म्हटलं, “एक जुना बोर्ड आहे.” त्याने रिळावरून हातभर नको, चांगली दहा मीटर तार काढून पुठ्ठ्यावर गुंडाळून दिली. पैसे घेतले नाहीत. म्हणाला, “टोकाचं वार्निश ब्लेडने खरवडून घे, नाहीतर कथील बसणार नाही.” कुठला बोर्ड, हे मी सांगितलं नाही.

त्या तारेने बारा रेघा जोडल्या. फुगलेले कपॅसिटर तपकीर गल्लीतून आणून बदलले, पाच व्होल्टचा ७८०५ रेग्युलेटरही बदलला. वीज दिली. एक सूचना देऊन ठेवते, कुणाच्या माळ्यावर असं यंत्र असेल तर आजकालचा ॲडॅप्टर त्याला लावू नका. आजच्या पिनेत मधे धन असतो, याच्यात मधे ऋण लागतो. तर वीज दिली. पडदा काळा, त्यावर उभ्या पांढऱ्या पट्ट्या.

त्या पट्ट्या बघून माझ्या पोटात गोळा आला. कारण त्या मी आधी एकदा पाहिल्या होत्या.

पुन्हा मीटर घेतला. या यंत्राच्या पहिल्या १६ किलोबाइट मेमरीसाठी आठ चिपा आहेत, ४११६ नावाच्या. पडद्यावरचं चित्रही त्याच मेमरीत असतं, त्यामुळे त्या बिघडल्या की पडदा असा वेडावाकडा होतो. त्या चिपांना तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात, पाच, बारा आणि उणे पाच. बारा आणि उणे पाच बनवण्यासाठी बोर्डावर एक छोटी कॉइल आणि एक ट्रान्झिस्टर आहे. नकाशात त्याचं नाव टीआर-४. उणे पाचच्या जागी शून्य येत होतं. टीआर-४ आतून जळलेला होता.

पुराने तो जळला असेल का? पुराच्या वेळी यंत्र ट्रंकेत होतं, वीज नव्हती. वीज नसताना ट्रान्झिस्टर गंजेल, कुजेल, जळणार नाही. तरी मी भिंग लावून पाहिलं. ट्रान्झिस्टरच्या खाली बोर्डावर तपकिरी चटका होता, इस्त्रीने कापड करपतं तसा. आणि हिरवा कळंक त्या चटक्याच्या वर चढला होता. म्हणजे आधी जळलं, मग बुडालं.

सर म्हणाले होते की जानेवारी १९९२ नंतर हे यंत्र कुणी उघडलं नाही, दुरुस्तीला पैसे नव्हते. म्हणजे हा चटका तेव्हाचाच.

स्पेक्ट्रमच्या मागे बोर्डाची उघडी कड बाहेर येते. तिच्यावर सोनेरी पट्ट्या असतात, त्यात जॉयस्टिकची वगैरे डबी खोचतात. त्या पट्ट्यांमध्ये आतले सगळे व्होल्टेज बाहेर आणलेले असतात, अगदी शेजारी शेजारी. यंत्र चालू असताना ती डबी ओढून काढली आणि काढताना ती तिरकी झाली, तर शेजारच्या पट्ट्या एकमेकींना टेकतात. टीआर-४ क्षणात जातो. उणे पाच गेलं की पाठोपाठ मेमरीच्या चिपा जातात. या यंत्राचा हा जगभर माहीत असलेला आजार आहे.

ती डबी मी ओढली होती.

शनिवार होता, सकाळची शाळा सुटली होती. संगणक खोलीची किल्ली त्याच्याकडे असायची, कारण आपल्या वर्गात त्या यंत्रावर त्याच्याइतकं चांगलं कुणाला येत नव्हतं. मासिकातले चार-चार पानी प्रोग्रॅम तो चूक न करता टाइप करायचा. मी माझ्या आतेभावाची जॉयस्टिक दप्तरात लपवून आणली होती. बाहेरची वस्तू लावायला सरांची सक्त मनाई होती. तो रजिस्टर द्यायला ऑफिसात गेला, मी म्हटलं, “तू येईपर्यंत बसते.” खेळ लावला. जिन्यात पावलं वाजली, मी घाबरले, आणि यंत्र चालू असतानाच डबी उपटली. ‘टक्’ असा बारीक आवाज झाला. पडदा काळा, उभ्या पांढऱ्या पट्ट्या. डबी दप्तरात कोंबली, टीव्ही बंद केला. तो आला तेव्हा मी दारात होते. म्हटलं, “मी निघते.”

सोमवारी काय झालं ते आपल्यातल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. किल्ली कुणाकडे होती, एवढाच प्रश्न विचारला गेला. किल्ली काढून घेतली, मंडळातून नाव काढलं, घरी चिठ्ठी गेली. त्याची आई शाळेत आली. त्या खानावळीला पोळ्या करून द्यायच्या, हाताला पीठ तसंच होतं. मी व्हरांड्यात उभी होते. त्यांचा आवाज मला ऐकू आला, “किती झालं ते सांगा सर, मी हप्त्याने भरून देते.” शाळेने पैसे घेतले नाहीत. त्यानंतर उरलेलं यंत्र फक्त सर चालवायचे, आपण लांबून बघायचो. तो संगणकाच्या खोलीत पुन्हा आला नाही. मी मात्र आले. पुढे इंजिनिअर झाले.

मी इतकी वर्षं काय केलं, ते सांगते. मी स्वतःला म्हणत आले की यंत्र आधीपासून बिघडलेलं असेल, उन्हाळ्यात तापायचंच ते. माझ्यानंतर तोही बसला असेल, त्याच्याही हातून काही झालं असेल. तेरा वर्षांच्या मुलीला काय कळतंय? बत्तीस वर्षं मी त्या ‘असेल’वर काढली. कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सचे दोन पेपर दिले, तरी तो ‘टक्’ कशाचा होता हे मुद्दाम शोधलं नाही. सरांनी ट्रंक उघडली तेव्हा हे यंत्र मला घरी न्यायचं नव्हतं ते यासाठीच. पण एकदा कळंक धुतला की चटका दिसतोच. त्यानंतर ‘असेल’ म्हणायला जागा राहिली नाही.

मी तो जळका ट्रान्झिस्टर कागदात गुंडाळून नाना पेठेत गेले. टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. त्याने तो हातात घेतला, उजेडात धरून पाहिला. रोज जळक्या वायंडिंग बघणारा माणूस तो, त्याला समजावून सांगावं लागलं नाही. बराच वेळ तो काही बोलला नाही. हातातली कॉइल पुरी केली, गाठ मारली. मग म्हणाला, “मला सांगून काय उपयोग? मी केलं नाही हे मला माहीतच होतं. आईला सांगायला हवं होतंस. आई आठ वर्षांपूर्वी गेली. तिला शेवटपर्यंत वाटायचं की मीच केलं आणि खोटं बोललो.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

मी माफी मागितली. त्याने ‘जाऊ दे’ म्हटलं नाही, आणि ते बरोबरच आहे. चहा मात्र मागवला. निघताना म्हणाला, “तेव्हा सगळ्या शाळेला माहीत झालं होतं. आता मेळाव्यात सांग, सगळ्यांसमोर.” म्हणून संयोजकांचा विषय बाजूला ठेवून मी आज हे बोलतेय. मंडळी, ते यंत्र त्याने बिघडवलं नव्हतं. मी बिघडवलं होतं. तो खोटं बोलला नव्हता. गप्प मी बसले होते.

सरांनाही मी जाऊन सांगितलं. सर थोडा वेळ खिडकीतून बघत राहिले. म्हणाले, “मी विज्ञानाचा शिक्षक. तुम्हाला पुरावा बघायला शिकवायचो, आणि स्वतः फक्त किल्ली कुणाकडे होती तेवढं बघितलं.” मग सर रिक्षा करून नाना पेठेत गेले. तिथे काय बोलणं झालं ते त्या दोघांचं आहे.

आता दुरुस्ती पुरी करायची होती. तपकीर गल्लीत ४११६ चिप मागितली तेव्हा दुकानदाराने मला वर-खाली न्याहाळलं आणि म्हणाला, “मॅडम, तुम्ही उशिरा आलात.” शेवटी परदेशातून जुन्या साठ्यातल्या मागवल्या. नवा टीआर-४ लावल्यावर तीन चिपा हात लावताच तापलेल्या लागल्या, त्या बदलल्या. हे काम आम्ही दोघांनी त्याच्या दुकानात केलं. त्याचा हात माझ्यापेक्षा कितीतरी स्थिर आहे. तिन्ही चिपांचे मिळून ४८ पाय त्याने काढले, एकही रेघ न उचलता.

काम करताना मी त्याला एक गोष्ट दाखवली, ती तुम्हालाही सांगते. या यंत्रात उरलेल्या ३२ किलोबाइट मेमरीच्या आठ चिपा आहेत त्या मुळात ६४ किलोबिटच्या. कारखान्यात तपासताना त्यांचा अर्धा भाग सदोष निघाला. सिंक्लेअरला यंत्र स्वस्तात विकायचं होतं. त्यांनी त्या टाकून न देता स्वस्तात घेतल्या, चांगला अर्धा वापरला आणि वाईट अर्ध्याचा पत्ता कधी लागणारच नाही अशी जोडणी केली. चाळीस वर्षं झाली, पूर आला, तरी त्या आठही चिपा आजही बिनतक्रार चालतात. तो म्हणाला, “म्हणजे नापासांची तुकडी पास झाली.” आम्ही दोघं त्या दिवशी पहिल्यांदा हसलो.

दिवाळीनंतरच्या रविवारी सरांना दुकानात बोलावलं. वीज दिली. पडदा काळा झाला, मग पांढरा, आणि खाली अक्षरं आली, ‘१९८२ सिंक्लेअर रिसर्च लिमिटेड’. सरांनी चष्मा काढून पुसला. काकूंनी विचारलं, “एवढंच?” एवढंच.

बोर्ड नव्यासारखा झालेला नाही. झाकण उघडलंत तर बारा ठिकाणी पंख्याची तार दिसेल, चिखलाचे डाग दिसतील. टीआर-४ खालचा तपकिरी चटका मी खरवडून काढला नाही. ते यंत्र आता शाळेला परत देतोय, आणि झाकणाच्या आत एक चिठ्ठी चिकटवली आहे. काय बिघडलं, कधी, कुणी बिघडवलं आणि कुणी दुरुस्त केलं, ते सगळं त्यात नावानिशी लिहिलंय. पुढे कुणी उघडलं तर त्याला अंदाज बांधावा लागू नये.

माझी वीस मिनिटं झाली. वडे गार होतायत. जायच्या आधी एवढंच, बाहेर त्या यंत्रावर आजचा पहिला प्रोग्रॅम तो टाइप करणार आहे, आठवीतल्या मासिकातलाच. किल्ली त्याच्याकडे आहे. तुम्ही सगळे या, मुलांना आणा, बटणं दाबा.

फक्त यंत्र चालू असताना मागच्या पट्टीला कुणी हात लावायचा नाही. मी तर नाहीच नाही.